तेंदू, मोह, हिरडा, बांबू : जंगलातल्या मालाचा भाव ठरतो कुठे?

झाडीपट्टीकर

यंदाचा तेंदूचा, म्हणजे बिडीच्या पानाचा, हंगाम आटोपला. गडचिरोलीतल्या कोरची, कुरखेडा, धानोरा, एटापल्ली या भागात मे महिन्यातले दोन-तीन आठवडे म्हणजे वर्षभराची रोकड. धान घरी खायला होतो. शाळेची फी, बियाणं-खत, दवाखाना, लग्न हे सगळं तेंदूच्या पैशावर. एवढ्या मोठ्या उलाढालीबद्दलचं बोलणं बहुतेक वेळा 'ठेकेदार लुबाडतो' या एका वाक्यावर येऊन थांबतं. लुबाडतो हे खरंच आहे. पण ठेकेदार ज्या बाजाराला माल देतो तो बाजारच बदललाय, आणि त्याची झळ फळीवर, म्हणजे पान जमा करायच्या जागी, पुडे मोजून देणाऱ्या बाईपर्यंत कशी पोचते हे मला मांडायचंय.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फेब्रुवारी-मार्चमध्ये खुटकटाई होते, म्हणजे तेंदूची झुडपं बुडाशी छाटतात. साधारण दीड महिन्यात कोवळी पानं फुटतात. ती पहाटे जाऊन तोडायची, दुपारी घरच्या सगळ्यांनी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर न्यायचे. तिथे ठेकेदाराचा दिवाणजी मोजतो, त्याला न पटलेले पुडे बाजूला काढतो आणि शेकड्यावर मजुरी धरतो. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. पान वाळवून, पाणी शिंपडून नरम करून बोऱ्यात भरलं की गावाचा त्यावरचा ताबा संपला.

यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की पान थांबत नाही. आज तोडलेलं पुढच्या महिन्यात विकू, असं म्हणता येत नाही. अवकाळी पाऊस किंवा गारपीट आली की पान डागाळतं. घाई देणाऱ्याला असते, घेणाऱ्याला नसते. भाव तिथेच अर्धा ठरून जातो.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आमच्याकडे खूप मोठं काम झालं. १९६९ च्या कायद्यानंतर तेंदूचा व्यापार सरकारच्या हातात होता. वनविभाग युनिटांचा, म्हणजे जंगलाच्या ठरवलेल्या भागांचा, लिलाव करायचा आणि लोक फक्त मजूर. १९९६ चा पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी गौण वनोपजाची, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातल्या मालाची, मालकी गावाला दिली. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी भांडावं लागलं, आणि २७ एप्रिल २०११ ला तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. २०१३ पासून गोंदिया-गडचिरोलीतल्या ग्रामसभा स्वतः तेंदूचा लिलाव करू लागल्या. मजुरी तर मिळालीच, रॉयल्टीही, म्हणजे मालक म्हणून मिळणारी मालाची रक्कम, थेट ग्रामसभेच्या खात्यात आली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याचा मला अभिमान आहे.

पण मालक झाल्यावर गाव पहिल्यांदाच बाजारासमोर उघडं उभं राहिलं. २०१७ च्या हंगामात भाव कधी नव्हे एवढे चढले. जुलैत जीएसटी आला, तेंदूपानावर १८ टक्के आणि बिडीवर २८ टक्के. २०१८ च्या हंगामात लिलावाला व्यापारी फिरकेनात, भाव धाडकन खाली आला. आमच्या भागातल्या एका ठेकेदाराने रॉयल्टीचा उरलेला हप्ता दिलाच नाही. माल तेलंगणात केव्हाच गेला होता.

बरं, बिडीचंच काय होणार? भारताने २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारावर शिक्कामोर्तब केलं. बिडीच्या बंडलावर मोठी चित्रं आली, अमेरिकेने २०१४ मध्ये काही भारतीय बिड्यांची विक्री थांबवली, शहरातला तरुण बिडी सोडून सिगारेटकडे गेला. यातल्या आरोग्याच्या कारणांना माझा विरोध नाही. पण त्याच कराराचं सतरावं कलम सांगतं की तंबाखूवर पोट असणाऱ्या कामगारांना आणि शेतकऱ्यांना पर्यायी रोजगार मिळावा म्हणून सरकारांनी प्रयत्न करावेत. पान तोडणारी बाई त्या वाक्यात कुठे बसते? ती ना तंबाखू पिकवते, ना बिडी वळते. तिचं नाव कुठल्याच यादीत नाही.

इथल्या वेगवेगळ्या भागांतल्या लोकांकडून ऐकायचंय. तुमच्याकडे जंगलातला कुठला माल निघतो, तो शेवटी कुठे जातो, आणि भाव कुणाच्या हातात आहे?

सह्यकडा

दादा, चांगला विषय काढलात. मी आंबेगाव तालुक्यातला. आमच्याकडे हिरडा. जुन्नर, आंबेगाव, खेड, तिकडे अकोले या पट्ट्यातल्या महादेव कोळी आणि ठाकर घरांत हिरड्याचं झाड म्हणजे भाताच्या खाचराइतकीच मिळकत. उन्हाळ्यात कोवळं फळ काढून वाळवलं की तो बाळहिरडा. पोरं झाडावर चढतात, बाया खाली वेचतात, खडकावर वाळत घालतात. पिकून पडलेला मोठा हिरडा वेगळा, त्याला भाव कमी.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आमच्या हिरड्याचा भाव शंभर-दीडशे वर्षं परदेशातच ठरत आलाय. मोठा हिरडा कातडं कमावायला लागतो. ब्रिटिशांच्या काळात इथून जहाजं भरून हिरडा विलायतेला जायचा, आणि तिथल्या बाजारात त्याच्या प्रतींना नावं होती ती आपल्या गावांची: जबलपूर, राजपूर, भीमली आणि चक्क आपलं वेंगुर्लं! ज्या बंदरातून किंवा भागातून माल गेला ते नाव. पुढे क्रोमियमचे क्षार वापरून काही तासांत कातडं कमावता येऊ लागलं आणि झाडपाल्याने महिना-महिना कमावण्याची पद्धत मागे पडली. आज जगातलं बहुतांश चामडं क्रोमवर होतं. माझ्या आजोबांना क्रोम माहीत नव्हतं, पण हिरड्याला गिऱ्हाईक उरलं नाही हे माहीत होतं.

आता बाळहिरडा औषधाला जातो, त्याला बरा भाव आहे. शंभराच्या वर जातो. सरकारी किमान आधारभूत किमतीच्या यादीत २०२० साली हिरडा १५ रुपये किलो होता. या दोन आकड्यांचा एकमेकांशी काही मेळ नाही. आदिवासी विकास महामंडळ पूर्वी एकाधिकार खरेदी करायचं. खरेदी थंडावली की गावात टेम्पो घेऊन येणारा व्यापारी सांगेल तो भाव. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमची जुनी-जुनी झाडं मुळासकट उलटली. आंब्याचं, पोल्ट्रीचं नुकसान लगेच कागदावर आलं. हिरड्याचे पंचनामे व्हावेत म्हणून लोकांना मोर्चे काढावे लागले, कारण हिरडा हे 'पीक' नाही. हिरड्याचं झाड फळाला यायला किती वर्षं जातात, ते झाड पोराला वाटणीत येतं, हे सरकारी रकान्यात कुठे मांडायचं?

अनुजा प.

वाचतेय. सह्यकडा, कोल्हापुरी चपलेचं कातडंही बाभळीची साल आणि हिरडा वापरूनच कमावतात ना? गेल्या वर्षी, २०२५ च्या जूनमध्ये, प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा इतकी चर्चा झाली. कारागिरांचं नाव नाही, जीआय मानांकनाचा उल्लेख नाही, यावर सगळे बोलले आणि ते योग्यच होतं. हिरडा वेचणाऱ्याबद्दल मात्र मी एक ओळ वाचली नाही.

सह्यकडा

बरोबर ताई, तीच जुनी पद्धत. चप्पल कोल्हापूरची असो वा अथणीची, त्यात कुठल्यातरी डोंगरावरचा हिरडा असतो. त्या साखळीत सगळ्यांत मागे आम्ही.

चांगलंही सांगतो, नाहीतर फक्त रडगाणं होईल. पुण्याच्या एईआरएफ या संस्थेने इकडच्या महादेव कोळी गावांबरोबर हिरडा-बेहड्याचं काम केलंय. फेअरवाइल्ड नावाचं प्रमाणपत्र आहे. त्यात झाड न तोडता, काही फळ पाखरांना आणि रुजायला सोडून वेचणी करायची आणि खरेदीदाराने ठरलेला जास्त भाव द्यायचा. माल इंग्लंडच्या पक्का हर्ब्ज कंपनीकडे त्रिफळ्यासाठी जातो. बेहड्याच्या जुन्या झाडांच्या ढोलीत धनेश घरटं करतो, ती झाडं सरपणासाठी जायची. आता उभं झाडच पैसे देतं म्हटल्यावर ती राखली गेली. हेसुद्धा जागतिकीकरणच, आणि हे मला हवंय. फक्त हे मूठभर गावांपुरतं आहे.

इतिहासप्रेमी_ठाणे

मोहाबद्दल लिहितो, कारण 'जागतिकीकरण म्हणजे १९९१' असं आपण धरून चालतो.

ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत मोहाची दारू घरोघरी गाळली जायची. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावठी भट्ट्या बंद पाडून गाळण्याचं काम उरणच्या मोठ्या भट्ट्यांत एकवटलं. तिथे मोहफूल यायचं ते गुजरातच्या पंचमहालातून. म्हणजे ठाण्याच्या जंगलात मोहफूल झाडाखाली पडून आहे आणि उरणला ते शेकडो मैलांवरून आणलं जातंय. तरी लोक चोरून गाळतातच म्हणून १८९२ साली कायदा करून या दोन जिल्ह्यांत मोहफूल गोळा करणं, साठवणं यावरच निर्बंध आणले. फूल वेचणं गुन्हा! महसूल गोळा करायला सोपा जावा एवढंच कारण. वारली-कातकरी माणसासाठी मोह हे पावसाळ्यातलं अन्नही होतं, हे त्या हिशेबात आलंच नाही.

महाराष्ट्रात मोहफुलाच्या साठवणुकीवरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठले २०२१ मध्ये. त्याच वर्षी छत्तीसगडच्या कोरब्यातून सुकवलेली मोहफुलं फ्रान्सला निर्यात झाल्याची बातमी आली आणि सगळीकडे कौतुक झालं. कौतुक जरूर व्हावं. पण सव्वाशे वर्षं ज्या वस्तूला हात लावला की पोलीस येतील अशी भीती होती, तिच्याभोवती गोदाम, प्रतवारी, सहकारी संस्था, बँकेचं कर्ज यातलं काही उभं राहणार कसं? भाव पाडायला फक्त व्यापारी लागत नाही, असा कायदाही पुरतो.

झाडीपट्टीकर

फार मोलाची माहिती. यातलं शेवटचं वाक्य आमच्याकडे अजून जिवंत आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि ती बायांच्या आंदोलनातून आली, तिला माझा पाठिंबाच आहे. पण पोतंभर मोहफूल घरात ठेवायला लोक आजही कचरतात. मार्च-एप्रिलमध्ये फूल पडतं, तेव्हाच विकून मोकळे होतात. तेच फूल पावसाळ्यात व्यापाऱ्याकडून जास्त भावाने परत विकत घेतात. २०२० मध्ये केंद्राने मोहफुलाची आधारभूत किंमत ३० रुपये केली. त्यामुळे निदान सौद्याला बसताना बोलायला एक आकडा मिळाला. पण खरेदी केंद्र वेळेवर उघडलं नाही तर तो आकडा कागदावरच.

मोहाच्या बियांचं, आमच्याकडच्या टोरीचं, वेगळंच आहे. टोरीचं तेल घरात खायला, दिव्याला, अंगाला. उरलेलं साबणाच्या कारखान्यांना जायचं. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली आणि पुढच्या काही वर्षांत आयातशुल्क ६५ वरून १५ टक्क्यांवर आलं. मलेशिया-इंडोनेशियाचं स्वस्त पामतेल बारमाही, हव्या त्या प्रतीत, जहाजभर मिळायला लागल्यावर टोरी वेचून आणणाऱ्याकडून पोतं-पोतं माल कोण जमा करणार? आज देशाचं अर्ध्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. शेंगदाणा आणि करडईच्या शेतकऱ्यावर त्याचा परिणाम झाला हे सगळ्यांना माहीत आहे. जंगलातल्या तेलबियांचं नाव कुणी घेतलं नाही, कारण त्यांचा बाजारच नोंदीत नव्हता.

बेल्जियमवासी

मी इथे खाद्यपदार्थांच्या कच्च्या मालाच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे या गप्पांचं दुसरं टोक रोज बघतो. एक गोष्ट सांगावीशी वाटते.

युरोपियन युनियनने २००० साली चॉकलेटबद्दल एक निर्देश काढला. त्यानुसार चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज पाच टक्क्यांपर्यंत इतर वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ घालायला परवानगी आहे, पण फक्त सहा: इलिपे, पाम, शिया, साल वृक्षाची बी, कोकम आणि आंब्याची कोय. यातले साल, कोकम आणि आंबा आपले! म्हणजे बस्तरमधली बाई पावसाच्या तोंडावर जंगलात सालबी वेचते तिचा आणि ब्रसेल्सच्या चॉकलेटचा थेट संबंध आहे.

पण खरेदी करणाऱ्या माणसाच्या टेबलावरून हे असं दिसतं. त्याला हवा आहे ठराविक तापमानाला वितळणारा, ठराविक दर्जाचा, ठरलेल्या तारखेला येणारा माल. साल कमी निघाला तर तो शिया घेतो. शिया पश्चिम आफ्रिकेतून, घाना-बुर्किना फासोमधून येतो, आणि तिथेही तो बायकाच वेचतात. कोकोचा भाव पडला तर या सगळ्यांचीच गरज कमी होते. त्यामुळे बस्तरची बाई आणि बुर्किना फासोची बाई एकमेकींना न बघता एकमेकींचा भाव पाडत असतात. कुणी दुष्टपणे करतंय असं नाही. ज्याच्याकडे सहा पर्याय आहेत तो आणि जिच्याकडे एकच माल आहे ती, यांच्यातला सौदा असाच होतो.

कोकणातल्या मंडळींसाठी: मुठेल, म्हणजे आपलं कोकमाच्या बियांचं तेल, जे आजी टाचांच्या भेगांना लावायची, ते इथे 'कोकम बटर' म्हणून महागड्या क्रीममध्ये असतं. डबीवर मूळ देश 'भारत' एवढंच लिहिलेलं असतं. कोकणातल्या घरांत मुठेल करणारे किती राहिलेत हे मला खरंच जाणून घ्यायला आवडेल.

म्हापसेकर

मुठेल करणारी घरं कमी झाली, पण संपली नाहीत. आगळ आणि सोलं काढल्यावर बिया बहुतेक ठिकाणी व्यापारी नेतो, त्याही कवडीमोलाने. बी फोडून, दळून, उकळून, हाताने गोळे वळायला फार वेळ जातो आणि तरुण सुना ते शिकलेल्या नाहीत. बी इथून कच्चीच जाते, हे खरं दुखणं.

मुकुंद_र

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये.

पहिलं, तेंदू. शेवटी ते पान बिडीलाच जातं. बिडीने फुप्फुसं जातात, आणि पिणारे बहुतेक गरीबच. सिन्नर, सोलापूर, निपाणीच्या बिडी वळणाऱ्या बायकांना आयुष्यभर तंबाखूची धूळ खावी लागते. हा धंदा वाचवावा असं मला वाटत नाही, उलट तो लवकर संपावा. दुसरं, पहाटे तीनला उठून अस्वल-वाघाच्या जंगलात पान तोडायला जाणं हा 'पारंपरिक उपजीविका' म्हणून जपण्याचा विषय आहे का? गोळा करणाऱ्यांच्या मुलांना शिकून दुसरीकडे जावंसं वाटतं, त्यात चूक काय? आपण शहरात बसून त्यांनी जंगलातच राहावं असं म्हणणं मला पटत नाही.

झाडीपट्टीकर

मुकुंदराव, राग अजिबात नाही. तुमच्या दोन्ही मुद्द्यांत तथ्य आहे आणि दोन्हींवर गावात आमच्यापेक्षा कडक चर्चा झालेल्या मी ऐकल्यात.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचं उदाहरण घ्या. या गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभेने बसून ठरवलं की तेंदू तोडायचाच नाही. कारणं त्यांनीच काढली: पानासाठी झुडपं छाटावी लागतात, आग लावली जाते, तेंदूचं फळ पाखरांना आणि माणसांना मिळत नाही, आणि बिडी आरोग्याला वाईट. हातातली रोकड सोडली. त्यांना ती सोडता आली याचं कारण त्यांच्याकडे बांबू होता, तो ते स्वतः तोडून स्वतः विकत होते. नाही म्हणायला दुसरा आधार लागतो. माझं सगळं म्हणणं इथे येऊन पोचतं. बिडी संपावी, जरूर संपावी. पण ती संपताना पान तोडणाऱ्या घराकडे दुसरा आधार असला पाहिजे, आणि आज बहुतेक घरांकडे तो नाही.

दुसऱ्या मुद्द्याबद्दल. मुलांनी शिकून कुठेही जावं. पण आमच्याकडची माणसं जंगलातलं उत्पन्न बुडालं की कुठे जातात माहितीये? मिरची तोडायला तेलंगणात. टेम्पोत भरून, लहान मुलांसह, डोळे-हात जळेपर्यंत काम करून परत येतात. तिथली मिरचीसुद्धा निर्यातीचीच. शिकलेला पोरगा पुण्याला नोकरीला लागला तर मला आनंदच आहे. शाळा सुटलेली पोरगी आईबरोबर खम्ममच्या शेतात तिखटाच्या ठसक्याने खोकते आहे, याला 'दुसरीकडे जाणं' म्हणायला माझं मन धजत नाही.

मुकुंद_र

पाचगावचं माहीत नव्हतं. मिरचीतोडीचंही. तुमचा मुद्दा पोचला. तरी बिडीबद्दल माझं मत तेच राहील.

भंडारेकर

बांबूवर मी बोलतो, आमचा पिढीजात धंदा. आम्ही बुरुड. सुपं, टोपल्या, परड्या, कणग्या, लग्नातलं सामान. आधी आमच्या ताटातलं प्लास्टिकने नेलं. सूप प्लास्टिकचं, टोपली प्लास्टिकची, बाजारात स्टीलची परात. बांबू कागद गिरणीला लीजवर जायचा तेव्हा बुरुडाला जंगलातला बांबू मिळवायला कार्ड घेऊन डेपोत रांग लावावी लागायची, आणि मिळायचा तो सुकलेला, जून. ओल्या बांबूशिवाय काम होत नाही, हे डेपोच्या साहेबाला कोण सांगणार.

पण मला सांगायचंय ते अगरबत्तीच्या काडीचं. देवापुढे रोज जळणारी काडी आपल्या देशात बांबूपासून होत होती. २०११ मध्ये काडीवरचं आयातशुल्क ३० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणलं. व्हिएतनाम आणि चीनमध्ये काडी यंत्रावर गोल, एकसारखी, ढिगाने होते. खादी आयोगाने दिलेले आकडे आहेत: काडीची आयात २००९ मध्ये ३१ कोटींची होती, २०१८ मध्ये ५४६ कोटींची झाली. एवढा बांबू असलेल्या देशात! २०१९ मध्ये अगरबत्तीच्या आयातीवर निर्बंध आले आणि २०२० च्या जूनमध्ये काडीवरचं शुल्क २५ टक्के केलं. चांगलं केलं. पण जे हात मधल्या काळात काडी सोलायचं सोडून गवंड्याच्या हाताखाली गेले ते शुल्क वाढलं म्हणून परत आले नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिचपल्लीला सरकारचं बांबू प्रशिक्षण केंद्र आहे, तिथून पोरं शिकून बाहेर पडतात, कंदील, खुर्च्या, राख्या करतात. त्यांना माझ्या शुभेच्छा. माझ्या वयाच्या कारागिराला मात्र यंत्राची काडी कोण शिकवणार आणि यंत्र घ्यायला कर्ज कोण देणार?

अनुजा प.

भंडारेकरकाका, हे वाचून सुन्न झाले. शुल्क कमी करताना कुणी बुरुडांना विचारलं असेल असं वाटत नाही.

गोंदियाचा_विनय

लाखेवर दोन ओळी. आमच्या गोंदियात लाखेचे कारखाने आणि बिडी हेच जुने उद्योग. पळस-कुसुमाच्या फांदीवरची लाख. लाखेच्या रंगाला जर्मनीच्या कृत्रिम रंगाने एकोणिसाव्या शतकातच मारलं. मग ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी चपडा लाख जायची, १९५० च्या सुमारास विनाइल आलं, ती मागणीही गेली. आता गोळ्यांचं आवरण, सफरचंदावरची चकाकी, चॉकलेटवरची चमक यांना लागते, म्हणून थोडी टिकून आहे. भाव दोन वर्षं आकाशात, पुढची तीन जमिनीवर. शेतकरी भाव चढला की झाडाला बी-लाख (लाखेचे किडे असलेली काडी) बांधतो आणि काढणीला येईपर्यंत भाव उतरलेला असतो. बेल्जियमवासी म्हणतात ते अगदी तसंच.

सुनीता_वकील

मी वनहक्काच्या कामात काही ग्रामसभांना करारनामे करायला मदत करते. इथे हळहळ खूप आहे, म्हणून कामाचं थोडं लिहिते.

झाडीपट्टीकर, तुम्ही म्हणता तो बुडवलेला हप्ता टाळता येतो. लिलावाच्या अटींतच लिहा की माल गोदामातून हलण्याआधी त्या मालाची पूर्ण रॉयल्टी खात्यात जमा झाली पाहिजे. वाहतूक परवाना ग्रामसभा देते, तेव्हा खरी चावी तिच्याच हातात आहे. पैसे येईपर्यंत परवाना फाडायचा नाही. बऱ्याच ठिकाणी ठेकेदार 'हंगाम घाईचा आहे' म्हणून कोरे परवाने सही करून घेतो आणि तिथेच सगळं निसटतं. दुसरं, एकट्या ग्रामसभेने लिलाव काढू नये. कोरचीसारखी महाग्रामसभा, म्हणजे अनेक गावांच्या ग्रामसभा मिळून, एकत्र बसली की ठेकेदाराला एका गावाला दुसऱ्यावर चढवता येत नाही. तिसरं, सप्टेंबर २०२५ मध्ये तेंदूपानावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. बिडीवरचा २८ वरून १८ वर आणायचंही तेव्हाच ठरलं, तो फेब्रुवारी २०२६ पासून लागू झाला. या फरकातला गावाचा वाटा आपोआप मिळणार नाही. बोली लावताना 'कर कमी झालाय, भाव त्या हिशेबाने बोला' हे ग्रामसभेनेच तोंडावर म्हणायला हवं.

मोह आणि हिरडा यांच्याबाबत तर तुमची बाजू तेंदूपेक्षा मजबूत आहे, कारण तो माल नीट वाळवला तर थांबतो. थांबायला फक्त कोरडी जागा आणि हंगामात घरखर्चाला उचल हवी. ग्रामसभेच्या रॉयल्टीतून फिरता निधी ठेवून लोकांना अर्धी रक्कम लगेच देणं आणि उरलेली विक्रीनंतर देणं, हे मी काही गावांत चाललेलं पाहिलंय. सभामंडप किंवा रस्त्याआधी त्या पैशावर पहिला हक्क गोदामाचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

सह्यकडा

ताई, उचल देण्याची कल्पना आमच्याकडे करून बघण्यासारखी आहे. व्यापारी हेच तर करतो, पावसाळ्यात किराण्याला पैसे देतो आणि उन्हाळ्यात हिरडा त्याच्याच दारात. ती उचल ग्रामसभेने किंवा बचत गटाने दिली तर माल त्याच्याकडे बांधला जाणार नाही. फक्त आमच्याकडे झाडं बरीच मालकीच्या जमिनीतली आहेत, सामूहिक वनहक्काची रॉयल्टी नाही. निधी कुठून उभा करायचा?

सुनीता_वकील

शहापूरच्या कातकरी तरुणांनी वन धन केंद्रामार्फत (वनोपजाच्या विक्रीसाठीची सरकारी योजना) गुळवेलीचा धंदा उभा केला, मोठ्या औषध कंपन्यांना थेट माल दिला. त्यांच्याकडेही मालकीहक्काची रॉयल्टी नव्हती, सुरुवातीचं भांडवल योजनेतून आलं. तुमच्या भागातल्या चार-पाच गावांनी मिळून बाळहिरड्यासाठी असं केंद्र मागा. अर्जासोबत गेल्या काही वर्षांत किती घरांनी किती हिरडा विकला याची गावातच केलेली यादी जोडा. ती यादी पुढे वादळाच्या नुकसानभरपाईलाही कामी येते.

झाडीपट्टीकर

सुनीताताई, परवान्याचा मुद्दा मी परवाच्या सभेत मांडतो. पुढच्या हंगामाचा लिलाव ठरण्याआधी अटींचा मसुदा तयार करायचाच आहे. तो झाला की इथे टाकतो, तुम्ही आणि इतरांनी वाचून सुधारावा. सह्यकडा, यादीचा तक्ता कसा करायचा यात मदत लागली तर निरोप पाठवा. आमच्या ग्रामसभेने मोहासाठी तसा तक्ता केलाय, त्यात घर, झाडं, वाळवलेला माल, विकलेला माल आणि भाव असे रकाने आहेत.

भंडारेकरकाका, चिचपल्लीला माझी ओळख आहे. वयाची अट आहे का आणि यंत्रासाठी कुठली कर्जयोजना चालू आहे ते विचारून इथेच लिहितो.